दहाची मोजणी

"सर, मले माहा जुनाच कीबोर्ड द्या ना जी," बेबी गुल्हाने म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. क्लास सुटला होता, बाकीची मंडळी बाहेर चपला शोधत होती, आणि ही सात नंबरच्या मशीनसमोर दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली होती. समोर नवाकोरा कीबोर्ड. वायर नसलेला, काळा, पापडासारखा पातळ. असे अकरा मी परवाच पुसदहून आणले होते आणि त्यांच्याकडे पाहून माझं मलाच फार बरं वाटत होतं.

"याला काय झालं?" मी विचारलं.

"याले काही नाही झालं जी. पण माहा हात त्याच्यावर बसला हाय. हा लय हलका हाय. दाबलं का नाही दाबलं, समजतच नाही."

"ताई, वर्षभर मी तुम्हाला टायपिंग शिकवलं की कीबोर्ड शिकवला? नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायला नको."

दारातल्या दोघीतिघी हसल्या. बेबीताईही हसली आणि तिने निमूटपणे हात उचलून नव्या कीबोर्डवर ठेवले. छत्तीस वर्षांची बाई ती. हॉल तिकिटावर 'बेबी' हेच नाव होतं आणि त्यावरूनही क्लासात तिची थट्टा व्हायची. ती कधी रागावली नाही. तिला रागावता येतच नसावं असं मी तेव्हा समजत होतो.

दारव्ह्याला माझी सुबोध टंकलेखन संस्था होती. होती म्हणजे वडिलांनी काढलेली आणि मी चालवलेली. वडील भारी शिस्तीचे. कळांवर लाकडी झाकण ठेवून शिकवायचे, कारण कळांकडे बघून टाइप करणारा माणूस त्यांच्या मते टायपिस्ट नव्हता, दाणे टिपणारी कोंबडी होती. रात्री आठला शेवटची तुकडी उठली की ते दारात उभे राहायचे, "झालं?" म्हणून विचारायचे आणि भिंतीवरचा मेन पाडायचे. पंखे, ट्यूबलाइट, सगळं एका फटक्यात बंद. त्या काळी त्यात काहीच वावगं नव्हतं, टाइपरायटरला वीज लागते कुठे? पुढे वडील गेले, टाइपरायटर गेले, त्यांच्या जागी अकरा कॉम्प्युटर आले, पण मेन पाडायची रीत राहिली. मीही दारात उभा राहून "झालं?" म्हणायचो आणि खटका खाली ओढायचो. कॉम्प्युटर एकेक करून नीट बंद करावा, हे मी थिअरीच्या तासाला पुस्तकातून शिकवत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

असं एकाएकी बंद पाडलेलं मशीन सकाळी सुरू होताना कधीकधी रुसायचं. निळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटायची. मतलब असा, की काल मला नीट बंद केलेलं नाही, म्हणून मी माझी डिस्क तपासून घेणार आहे. तपासणी नको असेल तर दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटण दाबा. मग उलटे आकडे सुरू व्हायचे. दहा, नऊ, आठ. आमच्याकडे याला 'दहाची मोजणी' म्हणत. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी काय शिकवायचं, तर हेच. मोजणी लागली की स्पेस दाबायची, मशीन पुढे जातं. नाही दाबली तर तपासणी सुरू व्हायची आणि त्या म्हाताऱ्या मशीनना ती पुरी करायला तास-दीड तास लागायचा. पण स्पेस दाबली नाही असं कधी घडलंच नाही. मोजणी म्हणजे बिघाड आहे, हे आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नाही. सकाळी दाराला कुलूप असतं, ते काढायचं आणि आत जायचं, तसंच ते होतं.

बेबीताईचा नवरा मनोहर गुल्हाने पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक होता. एका सकाळी आंघोळीला गेला आणि तिथेच पडला. त्याच्या जागी हिला अनुकंपावर घेतलं. अट एकच, की ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची. दुसरीकडे शिकून ती दोनदा नापास झाली. मुदत वाढवून मिळाली. आता ही शेवटची खेप होती. नाही झाली तर लिपिकाची खुर्ची जाणार आणि त्याच ऑफिसात शिपाई म्हणून राहावं लागणार. तसा कागदच साहेबांनी तिला दिला होता. तो ती पर्समध्ये घडी करून ठेवायची आणि मला तिने तो दोनदा दाखवला होता.

माझ्याकडे आली तेव्हा मिनिटाला बारा शब्द. हात जड, बोटं घाबरलेली. रोज संध्याकाळी सहाला ऑफिसातून थेट यायची, सात नंबरला बसायची आणि आठला मी मेन पाडेपर्यंत उठायची नाही. पावसात आली, तापात आली. परीक्षेला तीस शब्द लागत, आणि त्या शेवटच्या महिन्यात ती चौतीस मारत होती, तेही न चुकता. खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटायचा. बाकीच्यांना मी तिच्या खुर्चीमागे उभं करून दाखवायचो.

मग वायरलेसचं हे खूळ मी का काढलं? तर परीक्षेचं केंद्र त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या संस्थेला मिळालं होतं. आधी आमचे विद्यार्थी यवतमाळला जायचे. केंद्र मिळालं म्हणजे मंडळाचा निरीक्षक येणार, पाहणार, शेरा लिहिणार. नागपूरच्या एका केंद्रात मी पाहून आलो होतो, टेबलांवर एक वायर दिसत नव्हती. आमच्याकडे टेबलांखाली नुसती सापांची बिळं. म्हणून नवे कीबोर्ड आणले, परीक्षेच्या आदल्या दुपारी त्यांचा नखाएवढा एकेक तुकडा मशीनच्या पाठीमागे खोचला आणि जुने कीबोर्ड पोत्यात भरून मागच्या खोलीत टाकले.

निरीक्षक म्हणून आले ते झाडे साहेब. साठीला टेकलेले, कमी बोलणारे, एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सकाळी हॉलमध्ये शिरले, टेबलांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "वा." एवढंच. पण त्या 'वा'ने माझी छाती दोन इंच फुगली.

सकाळच्या दोन तुकड्या सुरळीत झाल्या. आदल्या रात्री परीक्षेचं सगळं मशीनमध्ये घालून ती मंडळाच्या माणसाच्या देखत एकेक करून बंद केली होती, त्यामुळे सकाळी मोजणीचा प्रश्नच आला नाही. एक वाजता दुसरी तुकडी उठली. झाडे साहेब जेवायला गेले, जाताना म्हणाले, "मशीन चालूच राहू द्या, पिंपळखुटे, दोनला लगेच सुरू करू." मी हो म्हणालो. एप्रिलचं ऊन, दोन कूलर, अकरा मशीन, आणि बोर्डाजवळ हात नेला तर वायर चांगलीच तापलेली. मी दारात उभा राहिलो. हॉल रिकामा. तोंडातून "झालं?" बाहेर पडलं की नाही ते आठवत नाही, पण हात आपोआप वर गेला आणि मी मेन पाडला. अडीच तपांची सवय. मग घरी जाऊन वरणभात जेवलो आणि दहा मिनिटं पाठही टेकली.

आलो तेव्हा दोनला दहा कमी होते. मेन वर केला. तिसऱ्या तुकडीचे दहा जण येऊन बसले. बेबीताईचा नंबर योगायोगाने सातच निघाला होता, त्यामुळे ती खुशीत दिसली. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली. मशीन बंद पाहून झाडे साहेबांनी भुवया उंचावल्या, मी "वायर तापली होती साहेब, थोडी विश्रांती दिली," असं सांगितलं. त्यांनी उमेदवारांना आपापलं मशीन सुरू करायला सांगितलं.

नऊ मशीन सुरू झाली. सातवं मोजू लागलं.

मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतो. तिथून मला तिची पाठ दिसत होती आणि खांद्यावरून तो निळा पडदा. मी निर्धास्त होतो. मोजणी तिला काही नवी नव्हती, पहिल्याच दिवशी शिकवली होती मी. तिने स्पेस दाबली. मग पुन्हा दाबली. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिली. आकडे आपले खाली येत राहिले. एक झाला, आणि तपासणी सुरू झाली.

"सर," ती हळूच म्हणाली, "आकडे थांबेनात."

तेव्हा मला कळलं काय झालंय ते. पुसदच्या दुकानदाराने कीबोर्ड देताना सांगितलं होतं. म्हणाला होता, "सर, तुमची मशीन जुनी आहेत. विंडोज पूर्ण वर येईपर्यंत या कीबोर्डला ती ओळखत नाहीत. त्याआधी काही दाबायची वेळ आली तर वायरचा एखादा हाताशी राहू द्या." मी मान डोलावली होती. असली वेळ कशाला येते, असं मनात म्हटलं होतं. आमच्या संस्थेत ती वेळ रोज सकाळी येत होती आणि मी तिला वेळ म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

"काय झालं?" झाडे साहेब आले.

"काही नाही साहेब, मशीन जरा तपासणी करतंय. होईल आत्ता."

पडद्यावर लिहून येत होतं, एक टक्का. बराच वेळ एकच टक्का. मी कोपऱ्यातलं जादा ठेवलेलं अकरावं मशीन सुरू केलं. तेही दुपारी त्याच खटक्याने बंद पडलं होतं. तेही मोजू लागलं, आणि त्याच्यापुढचा कीबोर्डही तितकाच बहिरा. मी उगाच दोनचार कळा बडवल्या.

मागच्या खोलीत पोतं होतं. हॉलपासून वीस पावलं. एक जुना कीबोर्ड आणायचा, सातवं मशीन बटण दाबून बंद करायचं, वायर खोचून परत सुरू करायचं, मोजणी लागली की स्पेस. चार मिनिटांचं काम. दोन वाजायला अजून पाच मिनिटं होती. मला हे सगळं तेव्हाच सुचलं होतं. नंतर नव्हे, तेव्हाच. पण भर हॉलमध्ये निरीक्षकासमोर मी पोत्यातून धुळकट कीबोर्ड काढून आणणार, आणि सकाळी 'वा' म्हणणारा माणूस विचारणार की मग हे नवे कशाला आहेत. मी आपला दोन टक्क्यांची वाट पाहत उभा राहिलो. वर तोंडाने म्हणालो, "चालू तपासणीत बंद करणं बरं नाही साहेब, डिस्क जाते." ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर मला सहज म्हणता आलं.

दोन वाजले. पेपरचं घड्याळ सगळ्यांचं एकच होतं. वेगाचा उतारा पहिल्यांदा, दहा मिनिटांचा. नऊ कीबोर्डांचा आवाज सुरू झाला. वायरलेसचा आवाज तसा अगदी बारीक. बेबीताई बहिऱ्या कीबोर्डवर मधल्या ओळीत बोटं ठेवून, पाठ ताठ करून बसली होती, मी शिकवलं होतं तशी. पडदा कधी उजळेल आणि कधी सुरुवात करू, या तयारीत. दहा मिनिटं ती तशी बसली. दहा मिनिटांनी उताऱ्याची वेळ संपली तेव्हा पडद्यावर चार टक्के झाले होते.

तुकडी उठल्यावर झाडे साहेबांनी मला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. बेबीताईला बाहेर बाकावर बसवलं. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, छापील अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे समजावून सांगितलं. प्रकार दोनच. यंत्रात बिघाड असेल तर केंद्रप्रमुखाने तसं लिहून द्यायचं, मग त्या बाईंना ते उद्या सकाळच्या तुकडीत बसवू शकत होते. मात्र अशा बिघाडाची चौकशी लागते, समिती येते, आणि पहिल्याच वर्षी तसं झालं तर केंद्र पुन्हा यवतमाळला जाण्याचा संभव. उमेदवाराच्या हाताळणीने झालं असेल तर केंद्राचा दोष नाही, आणि मग दुसरी संधीही नाही.

"काय झालं ते तुम्हाला ठाऊक," ते म्हणाले. "तुम्ही लिहाल ते मी पुढे पाठवतो. पण पिंपळखुटे, यंत्रदोष असेल तर लिहून टाका. थोडं सोसावं लागेल तुम्हाला. बाईंचं काम होईल."

इतकं सोपं करून दिलं होतं त्या भल्या माणसाने. मी पेन उघडलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्याकडे पाहिलं नाही. संस्थेला केंद्र मिळावं म्हणून त्यांनी वीस वर्षं अर्ज केले होते, मला ते पहिल्या झटक्यात मिळालं होतं, आणि उद्या गावात म्हणणार की पोराने पहिल्याच परीक्षेत घालवलं. समिती आली असती तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, दुपारी मशीन बंद कोणी केली? मग मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संगणक सुरू होत असताना उमेदवाराने घाईने बटण दाबून तो मध्येच बंद केला, त्यामुळे तांत्रिक तपासणी सुरू झाली.'

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"मग माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी बेबीताईला सहीसाठी आत बोलावलं.

ती उभ्याउभ्याच वाचू लागली. वाचताना ओठ हलत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला वाटलं होतं ती भांडेल. तिने भांडावं असंही मला वाटलं असेल, कारण ती जर म्हणाली असती की सर, हे खोटं आहे, तर झाडे साहेबांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता. मला तरी तसंच वाटतं.

"सर," ती माझ्याकडे वळली, "म्या बंद केलं होतं का जी?"

तिला भांडायचं नव्हतं. ती खरोखर विचारत होती. तिला आठवत नव्हतं असं नाही, पण तिच्या आठवणीपेक्षा माझा शब्द तिला जास्त खरा वाटत होता.

"घाईत हात लागला असेल," मी म्हणालो.

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. "असन जी," ती म्हणाली. "हात लय थरथरत होता माहा." आणि तिने सही केली. सही करून पेनाला टोपण लावून ते माझ्यापुढे ठेवलं. मग दारापर्यंत गेली आणि परत वळली. "माह्यामुळं तुमच्या केंद्राले तर काही होणार नाही ना, सर?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय."

त्या उन्हाळ्याचा निकाल चांगला लागला. केंद्र राहिलं. मी पेढे वाटले. वायरलेस कीबोर्ड आठवडाभरात काढून टाकले आणि पोत्यातले जुने पुसून परत लावले. मेन पाडायची सवयही मोडली, एकेक मशीन स्वतः बंद करू लागलो. म्हणजे काय चुकलं ते मला पुरतं ठाऊक होतं आणि ते सुधारायची अक्कलही होती. फक्त ज्याचं नुकसान झालं त्याला ते सांगायचं तेवढं राहिलं. चारपाच महिन्यांनी कळलं, की बेबीताईला लिपिकाच्या टेबलावरून काढून शिपाई केलं. ज्या ऑफिसात ती फायली लिहायची, त्याच ऑफिसात त्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायच्या. तिने क्लासकडे पुन्हा तोंड वळवलं नाही. मीही तो रस्ता टाळायचो. पंचायत समितीचं काही काम निघालं की बायकोला पाठवायचो.

याला अकरा वर्षं होऊन गेली. संस्था मी दोन वर्षांपूर्वी बंद केली. गेल्या जूनमध्ये बायको माहेरी गेली होती आणि एका दाखल्यासाठी पंचायत समितीत मलाच जावं लागलं. व्हरांड्यात साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर ती बसली होती. केस बरेच पांढरे झालेले, गळ्यात ओळखपत्र. मला पाहिलं तशी ती उठली आणि भर व्हरांड्यात वाकून माझ्या पाया पडली. मी मागे सरलो, पण तोवर तिचे हात लागले होते.

तिने माझा कागद हातातून घेतला, स्वतः आत नेला आणि पाच मिनिटांत सहीशिक्क्यासकट आणून दिला. मला बाकावर बसवलं, चहा सांगितला. आतून एक तरुण लिपिक बाहेर आला, त्याला म्हणाली, "हे माहे सर होत. वर्षभर जीव तोडून शिकवलं यांनी मले. म्याच करंटी, ऐन टायमाले उलटं बटन दाबलं." तो हसून आत गेला. तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. गावातली सगळ्यांना ठाऊक असलेली जुनी गोष्ट सांगावी तसं तिने ते सांगितलं.

मग ती मुलीबद्दल सांगू लागली. प्राची बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि कॉम्प्युटरचं शिकायचं म्हणून हटून बसली होती. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस हाच येणारा शनिवार.

"म्या नाही म्हणून सांगतलं," बेबीताई म्हणाली. "त्या मशीनचं आपल्याले नाही जमत. म्या आजही ऑफिसात कोनाचं मशीन चालू करून देत नाही, सर. साहेब म्हणतात, बेबीताई, जरा बटन दाबा. म्या दुसऱ्याले बोलावतो. माह्या हाताचाच गुन तो. पोरीचं तसं होऊ नये. ती माहं ऐकत नाही, तुमचं ऐकन. तुम्ही समजावून सांगा तिले, सर."

इतकी वर्षं मी समजत होतो, की माझ्या एका ओळीने तिची खुर्ची गेली. तेवढंच नव्हतं ते. माझी ती ओळ तिने खरी मानून घरी नेली होती, जपली होती, आणि आता ती मुलीला देत होती. मी कसाबसा म्हणालो, "बेबीताई, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. मशीनच खराब होतं."

ती हसली. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही माहं मन राखाले म्हनता, सर. समजते मले. पन तुम्हीच तर लिहून देल्लं होतं. तुम्ही खोटं कायले लिहान?"

तिने एवढं म्हणून माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. मशीनबद्दल नव्हे, माझ्याबद्दल. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात चहा आला, तिने कप बशीत नीट ठेवून माझ्या हातात दिला, आणि माझं तोंड मिटलं. मला माझी किळस आली, हे आज लिहितो. तेव्हा मी चहा प्यालो, दाखला खिशात घातला आणि उठताना तिला म्हणालो, की पोरीला रविवारी माझ्याकडे पाठवा, मी समजावतो.